काळविटाचे पाडस घरी वाढवले. आता वन विभागाला काय सांगावे?

प्रश्न : आम्ही उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळाला लागून असलेल्या एका गावात राहतो. मागच्या ज्वारीच्या काढणीच्या वेळी माझ्या सासऱ्यांना कडब्याच्या पेंढ्यांजवळ हरणाचे कोवळे पाडस दिसले. भोवती कुत्री फिरत होती, म्हणून त्यांनी ते उचलून घरी आणले. शेळीच्या दुधावर ते वाढले. ते नर काळवीट आहे, शिंगे आता बोटभर झाली आहेत. करडांबरोबर गोठ्यात राहते आणि संध्याकाळी चुलीजवळ येऊन बसते. पुतण्याने त्याचा व्हिडिओ सगळीकडे पाठवला आणि गेल्या आठवड्यात वनरक्षक घरी येऊन ‘प्राणी जमा करा, नाहीतर गुन्हा दाखल होईल’ असे तोंडी सांगून गेले. गावात कोणी म्हणते परवाना काढा, कोणी म्हणते पंचवीस हजार दंड भरला की सुटते, कोणी म्हणते रात्रीच माळावर सोडून द्या आणि काही नव्हतेच म्हणा. आम्ही एक जीव वाचवला, त्यात गुन्हा कसला?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातली तळमळ खरी आहे, परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा प्राणी कोणत्या भावनेने घरात आणला हे आधी विचारत नाही, तो कोणाच्या ताब्यात आहे आणि तो ताबा कोणत्या अधिकाराने आहे, एवढेच तो प्रथम पाहतो. काळवीट या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची नव्याने मांडणी झाली व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तेव्हाही काळविटाचे स्थान बदलले नाही.

कलम ३९ अन्वये, कायद्याचे उल्लंघन करून पकडलेला किंवा बंदिवासात ठेवलेला वन्यप्राणी राज्य शासनाची मालमत्ता ठरतो आणि अशी मालमत्ता कोणत्याही मार्गाने ज्याच्या ताब्यात येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. आपल्या प्रकरणाचा खरा कच्चा दुवा हा आहे. सासऱ्यांनी त्या दिवशी पाडस उचलून दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला बोलावले असते, तर आज हे पत्र लिहिण्याची वेळ बहुधा आली नसती. पण आठ-नऊ महिने कोणालाही न कळवता ते गोठ्यात राहिले आणि त्यामुळे सुटकेचे काम ताब्याच्या गुन्ह्याच्या हद्दीत गेले. त्यातच कलम ५७ असे की, वन्यप्राणी एखाद्याच्या ताब्यात असल्याचे सिद्ध झाले म्हणजे तो ताबा बेकायदेशीर आहे असे गृहीत धरले जाते व तसा नसल्याचे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. इतर फौजदारी प्रकरणांत सरकार पक्षाने सर्व काही सिद्ध करायचे असते, या समजुतीवर इथे विसंबून राहू नये.

शिक्षेबाबत स्पष्ट बोलणे भाग आहे. अनुसूची १ मधील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला कलम ५१ नुसार किमान तीन वर्षे व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. गावात जे ‘पंचवीस हजार’ बोलले जाते ते बहुधा इथूनच आले असावे, मात्र ऐकणाऱ्याने दंड ऐकला आणि कारावास गाळला. पैसे भरून प्रकरण मिटवण्याची तडजोड कलम ५४ मध्ये आहे हे खरे. तथापि ज्या गुन्ह्याला कलम ५१ ने किमान कारावास ठरवून दिला आहे, त्यात ती तडजोड होऊच शकत नाही. त्यामुळे ‘साहेबांशी बोलून दंडावर मिटवतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. त्या रकमेची पावती मिळणार नाही आणि उद्या लाच दिल्याचा नवा प्रश्न उभा राहील.

परवान्याचा विषय दोन वाक्यांत संपतो. रानातून उचललेले काळवीट घरी पाळण्यासाठी जिल्हाधिकारी, तहसीलदार किंवा ग्रामपंचायत कोणताही परवाना देऊ शकत नाही, आणि मालकी प्रमाणपत्र असलेल्यांना प्राणी स्वेच्छेने जमा करण्याची जी सोय २०२२ च्या दुरुस्तीने केली, ती आपल्याला लागू नाही, कारण आपल्याकडे असे प्रमाणपत्र नाही व मिळणारही नाही.

रात्री माळावर सोडून देण्याच्या सल्ल्यावर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण तो आपल्याला सर्वांत सोपा वाटत असणार आणि तोच सर्वांत घातक आहे. व्हिडिओ शेकडो लोकांच्या मोबाइलवर गेलेला आहे, वनरक्षकाने प्राणी डोळ्यांनी पाहिलेला आहे. अशा वेळी प्राणी नाहीसा झाला तर तो मारला किंवा विकला असा संशय घेतला जाईल आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नाहीसा केल्याचा आरोपही जोडला जाऊ शकेल. पुतण्याला व्हिडिओ पुसायलाही सांगू नका. कायदा बाजूला ठेवला तरी, हे काळवीट कळपात वाढलेले नाही. करडांबरोबर आणि घरच्या कुत्र्यासमोर वाढल्याने कुत्रे दिसताच पळावे हे त्याला ठाऊक नाही, आणि नान्नजच्या माळावर लांडगेही आहेत. दुसरी बाजू आपल्या घराची आहे. माणसांच्या हातावर वाढलेला हरणवर्गातील नर वयात आला की माणसालाच आपल्या जातीचा प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर शिंगे रोखतो, हे प्राणिसंग्रहालयांत काम करणाऱ्यांना चांगले माहीत आहे. आज बोटभर असलेली शिंगे पुढे पीळदार होऊन हातभर वाढतील आणि चुलीजवळ बसणारी सर्वांत लहान मुले त्यांच्या उंचीवर असतील. त्यामुळे प्राणी जमा करणे हे केवळ वन विभागाच्या धाकाने करायचे काम नाही, असे माझे मत आहे.

आपल्या पत्रात एक माहिती नाही आणि वकील म्हणून ती मला सर्वांत आधी हवी आहे : पाडस नेमके कोणत्या गटात उचलले? नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते, पुढे सीमा नव्याने आखून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, आणि या पसाऱ्यात खासगी शेतजमिनीही आल्या. म्हणजे कुंपण नाही, फलक नाही, सात-बाऱ्यावर आपलेच नाव आहे, आणि तरीही तो गट अभयारण्याच्या हद्दीत असू शकतो. हा तपशील कागदी वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबर पकडणेही येते. अभयारण्याच्या हद्दीत पकडले असा आरोप टिकला, तर अभयारण्यातील शिकारीबद्दल दोषी ठरलेल्या प्रौढ व्यक्तीला परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा लाभ कलम ५१ ने स्पष्टपणे नाकारला आहे. गट हद्दीबाहेरचा असेल, तर तशी विनंती करण्याची वाट निदान बंद होत नाही. म्हणून गट क्रमांकाचा सात-बारा आणि गाव नकाशा काढून तो अभयारण्याच्या अधिसूचनेतील गटांशी ताडून पाहावा. ही पडताळणी जबाब देण्यापूर्वी व्हावी, नंतर नव्हे.

बचावाचा गाभा पकडण्याचा हेतू नव्हता हाच राहील, आणि त्यासाठी आपल्याकडे काय आहे ते शोधा. पाडसाला जुलाब झाले तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले असेल तर त्याचा केस पेपर, आणल्याच्या दिवसाचे फोटो, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना तेव्हा सांगितले असेल तर त्यांचे म्हणणे, हे सर्व लपवाछपवी नव्हती हे दाखवते. अर्थात हाच पुरावा ताबा किती महिने होता हेही सिद्ध करतो, त्यामुळे तो कोणत्या टप्प्यावर पुढे करायचा हे आपल्या वकिलांवर सोडा.

इथे एक गोष्ट नमूद करतो, ती आपल्याला दोष देण्यासाठी नव्हे, तर न्यायालयात विचारली जाईल म्हणून. काळविटाची मादी पिलाला जन्मानंतरचे काही दिवस गवतात किंवा पिकात दडवून स्वतः दूर चरायला जाते आणि दूध पाजण्यापुरती परत येते. पिलू त्या काळात जमिनीला चिकटून, मान टाकून, अगदी जवळ पाऊल पडले तरी न हलता पडून राहते. काढणीला आलेल्या माणसाला ते सोडून दिलेले किंवा मरणपंथाला लागलेले वाटते. सरकारी वकील विचारतील की आई गेली होती हे कशावरून? सासऱ्यांनी आई पाहिली होती का, किती वेळ वाट पाहिली, कुत्र्यांनी पाडसाला धरले होते की ती केवळ आसपास होती, याची उत्तरे खरी असावीत. कुत्री फक्त फिरत होती असे आपण लिहिले आहे. उद्या जबाबात ‘कुत्र्यांच्या तोंडातून सोडवले’ असे होऊ देऊ नका.

आता जबाबाविषयी. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला कलम ५० खाली साक्षपुरावा नोंदवण्याचा अधिकार आहे आणि आरोपीच्या उपस्थितीत नोंदलेला असा पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. शिवाय वन अधिकारी हे पोलीस अधिकारी मानले जात नसल्याने, पोलिसांपुढील कबुलीजबाबाला पुरावा कायद्याचा जो अटकाव असतो तो इथे सहसा उपयोगी पडत नाही. सासरे भोळेपणाने ‘हो साहेब, मीच पकडून आणले’ असे म्हणतील आणि ‘पकडून’ हा एकच शब्द पुढे जड जाईल. त्यांनी वकिलाला सोबत घेऊन जावे, जबाब मराठीत वाचून घ्यावा, कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही अथवा अंगठा देऊ नये. ज्यांनी पाडस आणले त्यांनी ते सांगावे. ज्यांनी फक्त दूध पाजले त्यांची नावे आपण होऊन पुढे करण्याची गरज नाही, पण विचारल्यावर खोटेही बोलू नये.

प्रत्यक्ष कृती लगेच करायची आहे, कारण वनरक्षक येऊन गेल्यानंतर जाणारा प्रत्येक दिवस ‘स्वतःहून जमा केले’ या म्हणण्याचे वजन कमी करतो. गाव अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव विभागाच्या, नसेल तर सोलापूर वन विभागाच्या वनक्षेत्रपालांच्या नावे सासऱ्यांच्या सहीने अर्ज द्यावा. त्यात पाडस कधी, कोणत्या परिस्थितीत मिळाले, ते जिवंत व सुस्थितीत आहे, ते आम्ही शासनाच्या स्वाधीन करू इच्छितो आणि ते नेण्यासाठी पशुवैद्यकासह पथक पाठवावे, एवढेच असावे. कायद्याची कलमे व माफीची भाषा नको. या अर्जाचा मजकूरही पुढे आपल्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो, म्हणून तो वकिलांनी पाहिल्याखेरीज देऊ नये, पण त्यासाठी एका दिवसापेक्षा अधिक वेळही घालवू नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावरही कळवून ठेवावे. प्राणी आपण टेम्पोत घालून नेऊ नका. हरीणवर्गीय प्राणी धरपकडीच्या भीतीने आणि धडपडीने दगावतात, आणि आपल्या हातून नेताना तो दगावला तर सगळ्या प्रकरणाचा रंगच बदलेल. पथक आले की पंचनाम्यात प्राण्याची प्रकृती नोंदवून घ्या आणि ताबा दिल्याची पावती मागा.

स्वतःहून आणि लेखी जमा केलेल्या प्राण्याच्या बाबतीत अधिकारी पुष्कळदा सौम्यपणे पाहतात, पण ते त्यांचे सौजन्य आहे, आपला हक्क नाही. उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात एकाने जखमी सारस पक्ष्याची शुश्रूषा केली, तो पक्षी त्याच्या मागे मागे उडू लागला, देशभर कौतुक झाले, आणि तरीही २०२३ मध्ये वन विभागाने सारस नेला व त्या माणसावर गुन्हा नोंदवला. म्हणून अर्ज देतानाच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सोलापूरच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाच्या अर्जाची तयारी ठेवावी. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक ही आपोआप करायची गोष्ट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या २०१४ च्या निकालात पोलिसांच्या संदर्भात बजावले आहे. सासऱ्यांचे वय, पूर्वी कोणताही गुन्हा नसणे आणि प्राणी जिवंत सुपूर्द केलेला असणे या तीन गोष्टी त्या तत्त्वाच्या जोडीने मांडता येतील.

राहता राहिला प्रश्न आपण पत्राच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला : जमा केल्यावर ते बघायला मिळेल का, आणि ते बाँडवर आमच्याकडेच ठेवता येईल का. जप्त प्राणी हमीपत्रावर एखाद्याकडे सांभाळायला देण्याची तरतूद कलम ५० मध्ये आहे, परंतु ज्याच्यावर ताब्याचाच आरोप आहे त्याच्याकडे अनुसूची १ मधील प्राणी परत जाईल अशी आशा मी आपल्याला देणार नाही, आणि तसा अर्ज करून अधिकाऱ्यांशी सुरुवातीलाच वाकडे घेऊ नये. भेटीचा कायदेशीर हक्क नाही. मात्र ते कोणत्या केंद्रात नेणार हे पथकाला विचारून घ्या, आणि त्याला दूध सुटल्यापासून कोणता चारा चालतो, कोणत्या हाकेला ते येते, ही माहिती ताबा देताना पथकातील पशुवैद्यकाला जरूर लिहून द्या. पहिल्या काही दिवसांत ते चारा तोंडाला लावेल की नाही हे बरेचसे त्यावर अवलंबून असते, आणि त्या कागदाची एक प्रत आपल्या फाइलमध्येही ठेवा.