वाचक विचारतात : ट्रकवरचा सीबी अँटेना

प्रश्न : टेक्सासात ट्रक चालवतो. आरशाच्या दांडीवर सीबीचा (सिटिझन्स बँड, म्हणजे ट्रकवाले एकमेकांशी बोलतात तो रेडिओ) अँटेना बसवलाय. चॅनल १९ वर ऐकू येतं, पण माझा आवाज पोचत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, कमी तितकं बरं) चॅनल १ वर २, ४० वर २.८. काय करू?

उत्तर : आधी ग्राउंड, म्हणजे अँटेनाच्या ब्रॅकेटची ट्रकच्या सांगाड्याशी (चॅसिसशी) विजेची जोडणी बघा. मल्टिमीटरचं एक टोक ब्रॅकेटला, दुसरं चॅसिसला लावा. बीप नाही वाजला, तर रंग खरवडून उघड्या लोखंडावर तांब्याची जाड पट्टी आवळा. फायबरच्या केबिनचं दुखणं बहुधा हेच असतं. त्याआधी मी तर ट्यूनिंगच्या स्क्रूला हात लावत नाही.

मग ट्रक मोकळ्या जागी न्या, दारं लावून मोजा. ४० वर आकडा जास्त, म्हणजे अँटेना लांब. टोकाचा स्क्रू जरासा आत फिरवा, पुन्हा मोजा. दोन्ही चॅनलवर १.५ च्या आसपास आलं की झालं. ३ च्या वर असेल तर माइकचं बटण दाबूच नका, सेट जळू शकतो.