प्रत्येक राज्याचा एकच सिनेमा दाखवायचा तर कोणता?

तुम्ही विचारलंय की परदेशात वाढलेला भाचा सुट्टीत येतोय, त्याला सिनेमांतून भारत दाखवायचाय, तर प्रत्येक राज्यामागे एक असा सिनेमा सुचवा. हाच उद्योग मी दोन वर्षांपूर्वी चेंबूरला आमच्या सोसायटीत केला आणि पहिल्याच रविवारी तोंडघशी पडले, म्हणून लिहितेय.

मी सोसायटीची खजिनदार. गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे उरले होते, एकाच्या ऑफिसातून प्रोजेक्टर मिळत होता आणि हॉल रविवारी दुपारी रिकामाच असायचा. ठरवलं, दर महिन्याला एका राज्याचा सिनेमा. यादी अर्थात मीच केली. केरळसाठी एक हिंदी सिनेमा लावला, नाव घेत नाही. त्यात होड्या, नारळ, हत्ती, कथकली, सगळं काही होतं. मध्यंतरात तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी आंटी चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "छान आहे. पण यातलं कुणी कामाला जात नाही का?"

मी काय बोलणार! पुढच्या महिन्याचा सिनेमा तुम्हीच निवडा म्हटलं. त्यांनी आणला 'महेशिंटे प्रतिकारम' (२०१६, दिग्दर्शक दिलीश पोथन). इडुक्कीच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावात फोटो स्टुडिओ चालवणारा महेश भर रस्त्यात सगळ्यांसमोर मार खातो आणि शपथ घेतो, की याचा वचपा काढेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. सिनेमाची सुरुवातच महेश ओढ्यावर बसून चपला घासतोय इथून होते. आंटी तिथेच खुदकन हसल्या, बाकी हॉल गप्प. नंतर विचारलं तर म्हणाल्या, त्यांचे वडील रोज संध्याकाळी अशीच रबरी चप्पल ब्रशने घासून पांढरी करायचे आणि आई म्हणायची, एवढं मला तरी कधी बघितलंत का. हत्ती त्या सिनेमात आहे की नाही, आता आठवतही नाही.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. त्या गावचा माणूस शेजारी बसवायचा आणि तो कुठे हसतो, कुठे गप्प होतो ते बघायचं. आपल्याआधी हसला तर सिनेमा तिथला. आपल्याला भारी वाटतंय आणि तो मोबाइल बघतोय, तर तो सिनेमा आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी काढलेला.

दुसरी गोष्ट, राज्य हे मापच चुकीचं आहे. महाराष्ट्रासाठी मी 'किल्ला' (२०१४) काढून ठेवला होता. अविनाश अरुणचा हा सिनेमा मला फार आवडतो. वडील गेलेला पोरगा आईच्या बदलीपायी पुण्याहून कोकणातल्या गावात येतो, तिथला पाऊस आणि ती नवी पोरं हळूहळू आपलीशी वाटायला लागतात. पण पहिल्या मजल्यावरचे अमरावतीकडचे काका उखडलेच. "आमच्याकडे समुद्र कुठून आणू मी?" त्यांनी सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) लावायला सांगितला. 'गाभ्रीचा' ही वऱ्हाडी शिवी. ती पावसालाच दिली आहे, तिथूनच सिनेमा कळायला लागतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली, म्हणून किसनाच्या बायकोच्या पोटात भीती बसते की आपला नवराही तेच करेल. ती पोराला त्याच्या मागावर ठेवते. नवरा जाईल तिथे पोरगं मागे. विषय एवढा काळजाला हात घालणारा, तरी बघताना हसू येतं, आणि हसलो म्हणून आपल्यालाच कानकोंडं होतं. काका मात्र मोकळेपणी हसत होते. भाषेवर. "असंच बोलते आमची माय," म्हणाले.

तेव्हा महाराष्ट्राचेच निदान चार-पाच सिनेमे लागतील. ठाकर आदिवासींच्या डोंगरासाठी जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' (१९७७), सोलापूर-करमाळ्याच्या बाजूसाठी 'सैराट'. हे तुमच्याकडे ठरलेलेच असतील, लांबण लावत नाही.

बंगाल म्हटलं की सगळे 'पथेर पांचाली'कडे (१९५५) धावतात. धावावंच, त्यातली काश गवताची पांढरी रानं आणि लांबून येणारी आगगाडी एकदा बघितली की डोळ्यांपुढून हलत नाही. पण आमच्या बी विंगमधल्या बंगाली काकूंचं घराणं मूळचं पूर्व बंगालमधल्या बारिसालचं, फाळणीनंतर कोलकात्याला आलेलं. त्या म्हणाल्या, माझं बंगाल त्या गावात नाही, निर्वासितांच्या वसाहतीत आहे, 'मेघे ढाका तारा' लावा. ऋत्विक घटकांचा हा १९६० चा सिनेमा. घरातली थोरली मुलगी नोकरी करून सगळ्यांना पोसते आणि तिच्या चपलेचा अंगठा तुटतो (पुन्हा चप्पल!). काकू शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दिवे लावले तेव्हा चष्मा पुसत होत्या.

कर्नाटकासाठी 'तिथि' (२०१५). मंड्याकडच्या खेड्यात शंभरी ओलांडलेला एक तिखट जिभेचा म्हातारा मरतो आणि त्याच्या तेराव्यासारख्या विधीच्या आत मुलगा, नातू, पणतू आपापल्या भानगडी निस्तरत बसतात. बहुतेक नट त्याच भागातली साधी माणसं, आयुष्यात कॅमेऱ्यासमोर न आलेली. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा गडप्पा सिनेमाभर नुसता चालत असतो, खिशात स्वस्त ब्रँडी. शेताचा व्यवहार त्याच्यावाचून अडलेला आणि त्याला शेताची पडलेलीच नाही! असे काका प्रत्येकाच्या गावी एक तरी असतात.

तमिळनाडूला चेन्नई आणि तिरुनेलवेली ही दोन टोकं. तिरुनेलवेलीकडे जायचं असेल तर मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८). कायदा शिकायला गेलेल्या दलित मुलाची गोष्ट, आणि त्याच्या करुप्पी नावाच्या कुत्रीची. पहिल्या काही मिनिटांतच आमच्याकडे दोघी उठून गेल्या, इतकं ते अंगावर येतं. पंजाबच्या पिवळ्या सरसोचा कंटाळा आला असेल तर गुरविंदर सिंगचा 'अन्हे घोडे दा दान' (२०११). त्यात धुकं आहे, थंडी आहे आणि भांगडा अजिबात नाही. संथ आहे, आमचा अर्धा हॉल झोपला होता, खोटं कशाला सांगू.

संथ सिनेमाची आम्हाला तशी लहानपणापासून सवय. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी बधिरांच्या बातम्या झाल्या की दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमा लागायचा, खाली इंग्रजी सबटायटल. आम्ही पोरं वैतागायचो. एकदा कुठल्याशा सिनेमात एक म्हातारा किती तरी वेळ नुसता दोर वळत होता आणि माझे आजोबा मांडी ठोकून म्हणाले, "बघ, पीळ बरोबर देतोय तो." त्या दोन तासांत ते एवढंच बोलले. कोणत्या भाषेतला सिनेमा होता, ते ना त्यांना ठाऊक, ना मला.

म्हणूनच एक हात जोडून सांगणं, हिंदी डबिंग लावू नका. मंड्याची कन्नड, इडुक्कीची मल्याळम, वऱ्हाडी, यांचं हिंदी केलं की उरतो नुसता डोंगर आणि पाऊस. सबटायटल वाचायला भाच्याला दहा मिनिटं जड जाईल, मग नाही.

मुंबईसाठी मात्र कुणाला विचारायची सोय नव्हती. सगळेच मुंबईकर, प्रत्येकाची मुंबई वेगळी. शेवटी मी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) लावला. एका लोकशाहिरावर खटला चालतो एवढीच गोष्ट, पण कोर्ट सुटल्यावर कॅमेरा वकिलांच्या मागे घरी जातो. आरोपीचा वकील सुपरमार्केटात चीज आणि वाइन घेतो. सरकारी वकीलबाई मुलाला घेऊन घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. एकाच खटल्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, हे आमच्या सोसायटीच्या सभेसारखंच.

त्यात एक प्रसंग आहे. वकीलबाई घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जातात आणि नाटकातला बाप मुलीसाठी आलेल्या उत्तर भारतीय मुलाला हाकलून देतो. पडद्यावरचं नाट्यगृह टाळ्या वाजवतं. आमच्या हॉलमध्येही सवयीने दोघं-तिघं हसले. दाराशी आमचा बिहारमधल्या सिवानचा वॉचमन उभा होता, दर महिन्याला तिथूनच बघायचा. माझं तिकडे लक्ष गेलं. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता, नुसता बघत होता. हसणारेही मग गप्प झाले. पुढच्या महिन्याचा सिनेमा त्याला विचारला तर म्हणाला, "मॅडम, हमारे यहाँ का तो पुराना वाला लगाइए, गंगा मैया वाला." म्हणजे १९६३ चा 'गंगा मैया तोहे पियरी चढ़इबो', पहिला भोजपुरी सिनेमा. तो लावला, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली. बसला नाही. दारातूनच बघितला, ड्युटी होती.

भाच्याचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. दहा-बाराचा असेल तर रीमा दासच्या आसामी 'विलेज रॉकस्टार्स'पासून (२०१७) सुरू करा. गिटारसाठी पैसे साठवणारी धुनू, दरवर्षी शेत बुडवणारा पूर आणि झाडावर चढून बसणारी पोरं. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन हे सगळं त्या बाईंनी स्वतः केलंय आणि गाव त्यांचंच, छयगाव. मग 'किल्ला', मग महेशची चप्पल. 'परियेरुम पेरुमाळ' आणि 'कोर्ट' सोळाच्या पुढे, तेही तुम्ही शेजारी बसणार असाल तरच.