नकाशे काढून पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची आहे. रात्री उशिरापर्यंत संगणकावर गुहा, किल्ले, तळघरं यांचे वरून दिसणारे नकाशे तयार करत बसते. ऑनलाइन रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांना ते लागतात म्हणे. मध्यंतरी एका अनोळखी माणसाने एका नकाशाचे तिला पैसेही दिले. तेव्हापासून म्हणते, कॉलेज नको, हेच करते. चित्रकलेत ती कधी फार चमकलेली नाही. याला करिअर म्हणायचं का? – एक आई

उत्तर :

नमस्कार,

चित्रकलेचं वाक्य तुम्ही काळजीपोटी लिहिलं आहे, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात कमी काळजी त्याचीच वाटली. मुलगी जे बनवते ते भिंतीवर टांगायचं चित्र नाही. त्यावर पाच-सहा माणसं तीन तास खेळणार असतात.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग गेम 1974 मध्ये आला. एक जण गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. पूर्वी हे सगळं टेबलाभोवती बसून व्हायचं. आता रोल20 (2012) किंवा फाउंड्री (2020) यांसारख्या व्हर्च्युअल टेबलटॉपवर, म्हणजे व्हीटीटीवर, खेळाडू आपापल्या घरून खेळतात. लढाईची वेळ आली की गेम मास्टर पडद्यावर नकाशा उघडतो आणि खेळाडू त्यावर आपली टोकन, म्हणजे पात्रांच्या सोंगट्या, सरकवतात. हाच बॅटल मॅप.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत नकाशावरचा एक चौकोन म्हणजे 5 फूट. साधारण पात्र एका पाळीत 30 फूट, म्हणजे 6 चौकोन चालतं. आता कुणी 60 चौकोनांचा देखणा बोळ काढला, तर न धावता तो पार करायला दहा पाळ्या जातील आणि खेळाडू जांभया देतील. फायरबॉल या मंत्राची त्रिज्या 20 फूट, म्हणजे स्फोटाचा घेर 8 चौकोन रुंद. खोली 5 बाय 5 चौकोनांची असेल तर मधोमध पडलेल्या एका मंत्रात सगळे होरपळतात आणि खोली कितीही सुबक काढलेली असली तरी तिथली लढाई तिथेच संपते. ब्रश हातात घेण्याआधी हा हिशेब डोक्यात असावा लागतो.

म्हणून एक करा. तिच्या एखाद्या नकाशावर बोट ठेवून विचारा, ‘हा खांब इथेच का?’ ‘छान दिसतो’ असं उत्तर आलं तर अजून बरंच शिकायचं आहे. पण ‘यामागे तिरंदाज लपेल, मग समोरच्याला पूल किंवा पाणी यांतलं एक निवडावं लागेल’ असं काही आलं, तर तो छंद थोडा गंभीरपणे घ्या. ही विचार करण्याची पद्धत आहे आणि व्हिडिओ गेमच्या धंद्यात तिला लेव्हल डिझाइन म्हणतात. तिथे पगारी नोकऱ्या असतात.

निव्वळ बॅटल मॅपवर घर चालवणारे लोक आहेत. ते बहुतेक करून पॅट्रिऑनसारख्या ठिकाणी दरमहा वर्गणी घेऊन ठरलेल्या दिवशी नवे नकाशे देतात. पण असे थोडेच, आणि त्यांनी आधी काही वर्षं स्वस्तात किंवा फुकट नकाशे वाटलेले असतात. एका माणसाने एकदा पैसे दिले, ही कौतुकाची गोष्ट. तोच माणूस तिसऱ्यांदा आला की आपण धंद्याबद्दल बोलू. तोवर कॉलेज सोडण्याला माझा विरोध आहे. गेम डिझाइन, अ‍ॅनिमेशन, वास्तुकला, भूगोल आणि नकाशाशास्त्र, यांपैकी काहीही शिकताना हे काम चालू ठेवता येतं, उलट सुधारतं. हे सगळं सोडून रात्रंदिवस नकाशेच काढणारी मुलं वर्षभरात तीच ती गुहा पुन्हा काढायला लागतात.

यापुढचं थेट मुलीसाठी. पत्र तिच्या हाती द्या.

डंजनड्राफ्ट किंवा इंकार्नेट या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाडं-दगड ओढून नकाशा सजवणं आता हजारो जणांना येतं. गिऱ्हाईक परत येतं ते गेम मास्टरचा वेळ वाचतो म्हणून. ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, तंतोतंत जुळलेली हवी : 30 बाय 40 चौकोनांचा नकाशा, दर चौकोनाला 100 पिक्सेल, म्हणजे चित्र बरोबर 3000 बाय 4000. चौकोनामागे एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी दुसऱ्या टोकाला टोकन भिंतीत घुसतं. ग्रिडसह आणि ग्रिडविना, दिवसाची आणि रात्रीची, अशा आवृत्त्या द्याव्यात. चोरदरवाजा फक्त गेम मास्टरच्या प्रतीत हवा (खेळाडूंच्या प्रतीत तो राहून गेला तर काय होतं, हे तू कधी ना कधी अनुभवशीलच).

फाइलचं वजनही बघ. चित्र पीएनजीऐवजी वेबपी या प्रकारात साठवलं तर फाइल बरीच हलकी होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूकडे लवकर उतरते. पण संगणकाच्या ग्राफिक्स मेमरीत चित्र उलगडूनच बसतं, तिथे फाइल हलकी असल्याचा उपयोग नाही. 3000 बाय 4000 चे साधारण 48 एमबी होतात, 8000 बाय 8000 चे 256. जुना लॅपटॉप तिथे मान टाकतो.

भिंती आणि उजेड मात्र मन लावून शीक, कारण बरेच नकाशेवाले याचा कंटाळा करतात. डंजनड्राफ्टमधून युनिव्हर्सल व्हीटीटी फाइल काढली तर भिंती, दारं आणि दिवे यांची माहिती चित्रासोबतच जाते. तरी ती तपासून घ्यावी लागते. व्हीटीटीत भिंतीच्या रेघेपलीकडचं खेळाडूंना दिसत नाही; ती रेघ अगदी खोलीच्या कडेला आखली तर खेळाडूंना दगडी भिंत दिसतच नाही, खोली काळोखात तुटल्यासारखी वाटते. रेघ थोडी भिंतीच्या जाडीत सरकव. खिडकीतून दिसलं पाहिजे, पण जाता येता कामा नये. मशालीचा ठळक उजेड चित्रातच रंगवून ठेवलास तर व्हीटीटीतली मशाल विझवल्यावरही फरशी लखलखत राहील.

माझ्याकडे एकदा एका मुलाने जंगलाचा नकाशा आणला होता. पान न् पान रंगवलेलं. मी त्यावर हिरव्या कपड्यातलं एक टोकन ठेवलं आणि आम्ही दोघंही ते शोधत बसलो. जमीन थोडी फिकी, थोडी शांत ठेव.

पैशाच्या बाबतीत आईला सोबत घे, कारण 18 च्या आत करारावर तुझी एकटीची सही चालत नाही. तयार वस्तूंचे संच वापरतेस त्यांचा परवाना वाच; फुकट मिळालेला संच पुष्कळदा फक्त घरच्या खेळापुरता असतो, विकायच्या नकाशात चालत नाही. दुसऱ्यासाठी काम घेताना तीन गोष्टी लिहून घे : नकाशाचा हक्क कुणाकडे, तोच नकाशा तुला पुन्हा विकता येईल का, आणि दुरुस्त्या किती वेळा. एआयने काढलेली चित्रं मिसळायचा मोह झाला तर आधी समोरच्याला विचार. ‘पाथफाइंडर’ हा असाच खेळ काढणाऱ्या पायझो कंपनीने 2023 मध्येच अशा कामाला नकार जाहीर केला होता.

आणि नकाशा विकायच्या आधी त्यावर एक लढाई चालवून बघ, शक्यतो दुसऱ्या कुणाला गेम मास्टर करून. तू गप्प बसून फक्त टोकन कुठे अडतात ते टिपून ठेव. असे तीन नकाशे झाले की तुझ्या टिपणांसकट मला पाठव. चित्रं नंतर बघेन, टिपणं आधी.