गतीच्या आकलनावर एम.ए.चा प्रबंध आहे. प्रयोगात ॲनिमेशन चालते का? गाइड म्हणतात, खरे व्हिडिओच घ्या. सॉफ्टवेअर कोणते वापरू?

चालते. 1973मध्ये स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सनने अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे दहा-बारा ठिपकेच दाखवले, तरी बघणाऱ्यांना माणूस दिसला. 1978मध्ये जेम्स कटिंग या मानसशास्त्रज्ञाने तसा ठिपक्यांचा चालणारा माणूस थेट कॉम्प्युटर प्रोग्रामने बनवला. म्हणजे हे 'कार्टून' तुमच्या गाइडच्या नोकरीपेक्षा जुने असणार.

'कार्टून' हा शब्द माझ्या गाइडचा. मी नागपुरात शिकलो. मे महिन्यात, रात्री अकराला, तव्यासारख्या तापलेल्या गच्चीवर बाबांना काळा ट्रॅकसूट घालून चालवले. सीताबर्डीवरून आणलेल्या रेडियमच्या पट्ट्या खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे, घोट्यांवर चिकटवल्या आणि मोबाइलला टॉर्च बांधून शूट केले. घामाने गुडघ्याची पट्टी तीनदा निघाली. बाबा स्कूटरवरून पडल्यापासून डावा पाय ओढतात.

नुसते ठिपके आजीला दाखवले. दोन पावलांत म्हणाली, "हा त आपला बंडू हाय न!"

मग ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या पायाचे ठिपके काढून उजव्याचेच, एका पावलाने मागे सरकवून लावले. बाकी सगळे तेच. आजी बराच वेळ बघत राहिली. "हा कोन पोट्टा हाय?"

खऱ्या व्हिडिओत हे कसे करणार होतो? बाबांना "लंगडू नका" सांगितले असते तर ते खांदेही वेगळे हलवायला लागले असते. ॲनिमेशनमध्ये एकच गोष्ट बदलता येते, बाकीची जागची हलत नाही. चालणे खरे, ठिपके खरे, खोटा फक्त एक पाय. गाइडनी मिनिटभर पाहिले आणि म्हणाले, "कार्टूनवर प्रबंध होत नसतो." ज्यांनी स्वतः कधी प्रश्नावलीपलीकडे काही केले नाही, त्यांना हे विचारूच नये.

हां, एका आजीवर प्रयोग होत नाही. शिवाय गच्ची आमची, तेव्हा बाबाच असणार हे तिला कळलेही असेल. आता दाखवायचे कसे? साध्या स्क्रीनवर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची, लॅपटॉपने मधल्या फ्रेम गाळल्या तर तुमची 'गती' बिघडते. म्हणून बनवा ब्लेंडरमध्ये, पण दाखवा सायकोपाय या प्रयोगांसाठीच्या सॉफ्टवेअरमधून. दोन्ही फुकट आहेत.

आणि योहान्सनचा पेपर प्रिंट काढून गाइडच्या टेबलावर ठेवा. मी ठेवला नाही. "हो सर" म्हणालो आणि परीक्षेच्या ताणावरच्या शंभर प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स काढायला गेलो.