छोटा ट्रॅक्टर झटके देतोय? आधी चोक ओढून पाहा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याने विचारलंय: 'जुना, एका सिलिंडरचा, पेट्रोलवरचा छोटा ट्रॅक्टर आहे. पावसाळाभर गोठ्याच्या छपरीत उभा होता. आता कोबीच्या सऱ्यांत घातला की रेस आपोआप वर-खाली होते आणि जरा ओढ लागली की फटफट करून बंद पडतो. प्लग बदलला, फरक नाही. मेकॅनिक कार्बोरेटरच नवा घ्या म्हणतो. घेऊ का?'

इतक्यात घेऊ नका. इंजिन तापू द्या आणि रेस वर-खाली होत असताना चोक (कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा कमी करणारी कळ) हळूहळू अर्धा ओढा. आवाज एकसारखा झाला, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. उलट ते आणखी गुदमरलं, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा एअर फिल्टर आणि फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची, सुई बघायची. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, तर दोष ठिणगीत किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधावा. तुम्ही सांगताय त्यावरून मला पहिलाच प्रकार वाटतो.

त्याचं कारण टाकीत आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. खानापूरच्या पावसात, अर्ध्या भरलेल्या टाकीत चार महिने! पाणी पुरेसं साचलं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि तिथूनच ते कार्बोरेटरकडे जातं. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालची वाटी काचेच्या बाटलीत रिकामी करा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाका. गाळून पुन्हा वापरायचा मोह नको. पेट्रोलचा रबरी पाइपही चिमटीत दाबून पाहा. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. (तंबाखूच्या निपाणीकडच्या मंडळींनी रागावू नये, पण हे काम करताना बिडी लांब ठेवा.)

मग जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची बारीक नळी. कमी रेसचा जेट फारच बारीक भोकाचा असतो, उडालेल्या पेट्रोलचा चिकटा पहिल्यांदा तिथेच बसतो. रेस वर-खाली होते ती बहुतेक वेळा त्यामुळेच. तो जेट स्क्रूसारखा फिरवून काढा आणि उजेडासमोर धरा. भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिऊ लागतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या, मात्र त्याआधी फ्लोट काढून ठेवा. बसवताना कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग चिरलंय का तेही बघा. तिथून हवा शिरली तरी लक्षणं हीच दिसतात, आणि मग नवा कार्बोरेटर घेऊनही पैसे वायाच.

दुसऱ्या एका शेतकऱ्याचं इंजिन दहा-पंधरा मिनिटं नीट चालून बंद पडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं. टाकीचं झाकण ढिलं करून चालवून पाहा. त्यावर नीट चाललं, तर झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलंय. खर्च शून्य.

'पेट्रोलमध्ये थोडं ऑइल टाकलं तर?' असंही एकाने विचारलंय. इंजिन फोर स्ट्रोक असेल, तर अजिबात नाही. प्लग काळा होईल, एवढंच.

हे सगळं करूनही इंजिन मिसिंग मारत असेल, तर मशीन बंद ठेवून दोरी सावकाश ओढा. कुठेच अडल्यासारखं वाटलं नाही, हात सैल सुटला, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं असू शकतं. मग व्हॉल्व्हची गॅप आणि रिंगा तपासून घ्याव्या लागतील, ते घरी करू नका. मशीनच्या पाटीवरचा नंबर लिहून घेऊन मेकॅनिककडे जा, म्हणजे गॅप किती ठेवायची ते त्याला त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात बघता येईल.