पाठांतर दगा देतंय, रंगमंच सोडू का?

प्रश्न : अठराव्या वर्षापासून हौशी नाटकांत काम करतोय, आता सदुसष्ट. परवाच्या प्रयोगात दोन वाक्यं गाळली, समोरच्या नटानं सांभाळून घेतलं. थांबावं का?

उत्तर : दोनच ना? मी एकदा अख्खं पान गाळलं होतं आणि विंगेतला प्रॉम्प्टर माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता! बसून घोकू नका. तालमीतल्या हालचालींसकट पाठ करा; खुर्चीवरून उठलं की कोणतं वाक्य, हे शरीराच्या लक्षात राहतं. स्वतःच्या वाक्यांइतकीच समोरच्याची शेवटची तीन-चार अक्षरंही पक्की करा. घोळ बहुतेक तिथेच होतो. एवढं करूनही जमेना, तर छोटी भूमिका मागा. त्यात कसला कमीपणा?

थोर रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कींना १९२८ मध्ये प्रयोग चालू असताना हृदयविकाराचा झटका आला. अभिनय थांबला, पण १९३८ मध्ये जाईपर्यंत ते नटांच्या तालमी घेत राहिले. तुमच्या संस्थेत नवख्यांना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा हे कोण शिकवतं? कोणीच नसेल, तर पुढच्या तालमीला अर्धा तास आधी जा.