डाउनलोड कधी फुटतं का?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पेटीच्या भात्याबद्दल लिहिता लिहिता मी गॅसवाल्याचा किस्सा सांगितला आणि पत्रांचा ढीग लागला. त्यामुळे या वेळी राग, ताल, पेटी-दुरुस्ती सगळं बाजूला. फक्त पैशांची पत्रं.

ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी किस्सा असा. १९९६ साली मी आठ भावगीतांना चाली लावल्या, कॅसेट निघाली, मला एकरकमी नऊ हजार मिळाले. पुढे बारा-तेरा वर्षांनी एकदा सिलिंडर आला नाही म्हणून डिलिव्हरीवाल्याला फोन लावला, तर रिंगच्या जागी माझंच तिसरं गाणं, तेही अंतऱ्याच्या मध्यातून. त्या धूनसाठी तो महिन्याला तीस रुपये मोजत होता. त्यातला एक पैसा माझ्याकडे येत नव्हता, आणि तरी मनात आलं की त्यानं एवढ्यात फोन उचलू नये. उचललाच. म्हणाला, "ताई, उद्या."

प्रश्न : मी गावोगाव भजन-अभंग गातो. दोन वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून १४ अभंग रेकॉर्ड केले. शब्द तुकोबांचे, चाली माझ्या. एका वितरकामार्फत सगळ्या ॲपवर टाकले, त्याची वर्षाची फी १,५०० रुपये. वर्षाच्या हिशेबात अभंग ३८,००० वेळा वाजले असं दिसतं आणि जमा झाले १,१४० रुपये. गावातल्या कितीतरी जणांनी ते डाउनलोड करून ठेवलेत, त्याचे वेगळे पैसे कुठंच दिसत नाहीत. ही फसवणूक समजायची का? हिशेबाची प्रिंट जोडली आहे.
— एक भजनगायक, बार्शी

उत्तर : दादा, तुमची प्रिंट घेऊन मी रविवारची अख्खी सकाळ बसले. चष्मा पुसून पुसून पाहिलं. फसवणूक काही सापडली नाही. तुम्हाला तोटा मात्र झालाय, आणि त्यातला थोडा तुमच्याच हातानं.

आधी डाउनलोडचं बघू. ॲपमधला खाली वळलेला बाण दाबला की गाणं फोनमध्ये येतं, पण ती विक्री नव्हे. ती कुलूपबंद प्रत असते. ऐकणाऱ्यानं वर्गणी भरायची थांबवली की ती प्रत मुकी होते. नेट नसताना शेतावर कितीदा ऐकलं, याची नोंद फोन पुन्हा नेटला लागला की वर जाते आणि ती तुमच्या ३८,००० मध्येच धरलेली असते. त्यामुळे वेगळी ओळ दिसणार नाही. आणि व्हॉट्सॲपवरून जे फिरलं त्याचे पैसे कुणालाच नाहीत. खरं सांगा, तुमच्याकडे बहुतेकांकडे ते तसंच पोचलंय ना?

आता ते एका वेळेचे तीन पैसे. असा दर कुणी ठरवलेला नसतो, तो मागाहून निघतो. देशातल्या ऐकणाऱ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका पेटीत पडतात. स्पॉटिफाय सांगतं की त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग ते हक्कदारांना देतं. हा भाग एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे तुमच्या गावातला एखादा भाविक महिनाभर तुमच्याशिवाय कुणालाच ऐकत नसला, तरी त्याची वर्गणी तुमच्या खिशात येत नाही. ती सामाईक पेटीत जाते आणि तिथून बहुतेक सगळी सिनेमाच्या गाण्यांकडे. साउंडक्लाउड या दुसऱ्या ॲपनं २०२१ पासून काही कलाकारांसाठी उलटी पद्धत आणली, ज्याची वर्गणी त्यानं ऐकलेल्यालाच. मला ती जास्त सरळ वाटते. आपल्याकडे मात्र बरेचसे लोक फुकटातलं ऐकतात, आणि जाहिरातीचा पैसा असून असून किती असणार?

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. अडीच मिनिटांचं गाणंही एक आणि चाळीस मिनिटांचा बडा ख्यालही एकच. आमचे ख्यालिये तीस सेकंदांत धड समेवरही, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरही, येत नाहीत. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाची एक फेरीसुद्धा त्यात मावत नाही! तुमचे अभंग सहा-सात मिनिटांचे आहेत, त्यात टाळ-पखवाजाचा चढता भाग शेवटी. तो कितीही रंगला तरी हिशेबाला त्याचं सोयरसुतक नाही.

प्रिंटमध्ये आणखी एक दिसलं. १४ पैकी ९ अभंगांपुढे स्पॉटिफायच्या रकान्यात शून्य रुपये आहे. २०२४ पासून त्यांचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत गाणं हजार वेळा वाजलं नसेल तर त्याचे पैसेच धरायचे नाहीत. तुमचे ते नऊ अभंग दोनशे-तीनशेंवर अडकलेत. त्यांचा वाटा पेटीतच राहतो आणि जे जास्त वाजतात त्यांच्यात वाटला जातो. लहान कलाकाराच्या ताटातलं उचलून मोठ्याच्या ताटात वाढायचं, याला मी दुसरं काय म्हणू?

आता तुमच्या हातून झालेलं. वितरकाच्या अर्जात 'गीतकार' आणि 'संगीतकार' असे दोन रकाने असतात. तुम्ही दोन्हीकडे 'संत तुकाराम' लिहिलंत! भक्ती समजली, पण चाल तुमची आहे ना? तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही, तुमच्या चालीवर मात्र तुमचा पुरता हक्क आहे. वितरक देतो ते पैसे रेकॉर्डिंगचे. शब्द आणि चाल यांचा वाटा वेगळ्या वाटेनं जातो, आयपीआरएस या संस्थेकडे. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. तिथं सभासद व्हा, चौदाही चाली स्वतःच्या नावानं नोंदवा, वितरकाकडे रकाना दुरुस्त करून घ्या. आणि नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगनं लिहा. तुमच्या प्रिंटवर आडनाव तीन प्रकारे आलंय, एकीकडे एक 'ए', दुसरीकडे दोन, तिसरीकडे शेवटचं अक्षरच गळालेलं. संगणकाच्या लेखी ती तीन माणसं आहेत.

एवढं करूनही वर्षाचे १,५०० सुटतील असं मी म्हणणार नाही. पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही लिहिलंय की कार्यक्रमात पेटीच्या पाठीला क्यूआर चिकटवला आणि एका एकादशीला ८०० रुपये आले. तो क्यूआर काढू नका.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहे. हल्ली सगळे वर्गणी भरून ऐकतात, पण पूर्वी मी आईसाठी एकेक मराठी भावगीत ९९ सेंट देऊन रीतसर विकत घेत असे. ते पैसे गायक-संगीतकारांपर्यंत पोचले असतील का? ती पद्धत तरी न्याय्य होती ना?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमच्यासारखी माणसं होती म्हणून बरं. ॲपलनं २००३ च्या एप्रिलमध्ये ९९ सेंटला गाणं विकायला सुरुवात केली. त्यातले सत्तरच्या आसपास सेंट रेकॉर्ड कंपनीकडे जात. पुढे त्यातले किती कलाकाराकडे गेले, हे ज्याच्या त्याच्या कराराच्या कागदावर. आणि इथं मला हसावं की रडावं कळत नाही.

तुमच्याच अमेरिकेत ऑलमन ब्रदर्स आणि चीप ट्रिक या दोन बँडनी २००६ साली सोनीवर दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की सत्तर सेंटांतले त्यांच्या हाती साडेचारच येतात, कारण कंपनी डाउनलोडवरही वेष्टनाची आणि फुटीची वजावट करते. फूट म्हणजे लाखेच्या तबकड्यांच्या काळातली. खोक्यात तबकड्या फुटायच्या, म्हणून आधीच टक्के कापून ठेवायचे. तबकड्या गेल्या, कलम राहिलं. डाउनलोड कधी फुटतं का हो? २०१२ साली ते प्रकरण तडजोडीनं मिटलं.

दुसरा खटला एमिनेम या अमेरिकन रॅपरच्या गाण्यांचा. त्याला सुरुवातीला करारबद्ध करणाऱ्या निर्मात्यांनी लावलेला. करारात दोन दर होते. रेकॉर्डची 'विक्री' झाली तर १२ ते २० टक्के, आणि मूळ ध्वनिमुद्रण कुणाला वापरायला 'परवाना' दिला तर ५०. मग डाउनलोड म्हणजे काय? कंपनी म्हणे विक्री. २०१० साली अपील न्यायालयानं सांगितलं, परवाना.

माझ्या १९९६ च्या कॅसेटच्या गायिकेला माझ्यासारखी ठोक रक्कम नव्हती, 'विकल्या गेलेल्या प्रत्येक कॅसेटमागे ५ टक्के' असा करार होता. माझ्यापेक्षा हुशार ती. पण गाणी डाउनलोडला लागल्यावर तिनं विचारलं, तर कंपनीच्या हिशेबनिसानं फोनवर सांगितलं, "मॅडम, डाउनलोड म्हणजे कॅसेट नाही, विक्री धरता येत नाही." अमेरिकेत विक्री म्हणावं तर कंपनीचे पैसे वाचतात, इथं विक्री नाही म्हणावं तर वाचतात. तुमच्या आईसाठीच्या ९९ सेंटांचं काय झालं असेल याचा अंदाज बांधा.

माझ्या स्वतःच्या कागदावर वीस रुपयांच्या स्टॅम्पखाली टंकलेलं आहे : 'आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत'. टंकलेखनात 'भविष्यात'चा 'ष' उमटलेला नाही, तो कुणीतरी पेनानं भरलाय. मी सही करताना 'ष' बघितला, वाक्य नाही बघितलं.

२०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात सुधारणा झाली, त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तरांनी बराच घसा कोरडा केला होता. तेव्हापासून गीतकार-संगीतकारानं हक्क कंपनीला विकले तरी रॉयल्टीचा समान वाटा त्याला सोडता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच तो देता येतो. करारात उलटं लिहिलं तर ते कलम बाद. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, हा नियम तर त्याच्याही आधीचा. नव्या मुलांनो, हे पत्र तुमचं नाही, पण उत्तर वाचा.

प्रश्न : मी तबलावादक. तीस वर्षांत भावगीतं, भक्तिगीतं, मालिकांची शीर्षकगीतं मिळून शेकड्यांनी रेकॉर्डिंग केली. शिफ्ट संपली की पाकीट, विषय संपला. आता ती गाणी लाखोंनी वाजतात. आम्हा वादकांचा काहीच हक्क नाही का?
— एक वादक, डोंबिवली

उत्तर : कायद्यात आहे. हातात नाही.

हा वाद तुमच्या-माझ्या आधीचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकांनाही रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला. रफीसाहेबांचं मत, गाण्याचे पैसे एकदा घेतले की संपलं. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायलेही नाहीत. आणि हा झगडा गायकांचा. ज्याच्या ठेक्यावर दोघं गात होती त्याला कुणी विचारलंच नाही.

२०१२ च्या सुधारणेनं सादरकर्त्यालाही व्यापारी वापरात रॉयल्टीचा हक्क दिला, आणि त्या व्याख्येत वादक येतो. गायकांनी २०१३ साली आपली संस्था काढली, आता तिच्या नावात वादकही आहेत, इसामरा. पण तुम्ही त्या मालिकेच्या शीर्षकगीतात वाजवलंत, हे कुठं लिहिलंय? गाण्याच्या माहितीत गायक, संगीतकार, गीतकार, कंपनी. तबला कुणाचा, सतार कुणाची, ती जागाच बहुतेक ठिकाणी कोरी. माझ्या कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदावर मी वादकांची नावं घालायला लावली होती, ॲपवर चढताना तीच पहिली गळली. हे न्याय्य आहे का विचाराल तर, नाही. गोल गोल बोलण्यात अर्थ नाही.

तुमच्याजवळ शिफ्टची डायरी आहे का? जुने वादक ठेवायचे. तारीख, स्टुडिओ, संगीतकार, किती गाणी, पाकीट किती. असेल तर जपा, आणि यापुढे प्रत्येक रेकॉर्डिंगला संगीतकाराकडून एक ओळ लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर घेतली तरी चालेल. मागची तीस वर्षं त्यानं परत येणार नाहीत.

प्रश्न : माझे वडील गीतकार होते. २००४ साली वारले. त्यांची काही गाणी रेडिओवर आणि ॲपवर अजून लागतात. आम्हाला कधी काही मिळालं नाही. आता उशीर झाला का? वडिलांची गाण्यांची वही सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. शब्दांवरचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २०६४ च्या अखेरपर्यंत. आयपीआरएसमध्ये वारस म्हणून नाव नोंदवा. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद आणि गाण्यांची यादी हाताशी ठेवा. ज्या गाण्यांचे करारनामे सापडतील तेही बघा, त्यात काय विकलं, काय नाही, यावर बरंच ठरेल. रेडिओचं म्हणाल तर २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय की ध्वनिमुद्रण वाजवताना गीतकार-संगीतकारांचे पैसे स्टेशनांनी वेगळे द्यायचे.

यादी करताना प्रत्येक गाण्याची पहिली ओळ, संगीतकार, गायक आणि जमेल तर साल लिहा. वहीत ३७ व्या पानावरच्या गाण्याखाली वडिलांनी पेन्सिलीनं 'चाल बदलली, शब्दही' असं लिहिलंय. रेकॉर्डवर कोणते शब्द आले ते ऐकून तपासा. वही मी उद्या रजिस्टर पोस्टानं परत पाठवते आहे. अशी मूळ वही पुन्हा कुणाला पाठवू नका, झेरॉक्स पाठवा.